बालकांतील ल्युपस आणि हृदय : पहारा आजी-आजोबांचा

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील कित्येक गावे, वाड्या आणि तांडे निम्म्याने रिते होतात. पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतून ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर लादून, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पुढील पाच-सहा महिने, गावात राहतात ती थकलेली माणसे आणि शाळकरी नातवंडे. या काळात आजी हीच आई असते आणि आजोबा हेच पालक.

वाचकहो, अशाच एका घराचा विचार करा. कोनाड्यात औषधांचा एक डबा आहे. त्यात आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आजींच्या मधुमेहाच्या आहेत. आणि आता त्याच डब्याशेजारी बारा-तेरा वर्षांच्या नातीचा दुसरा डबा येऊन बसला आहे. डॉक्टरांनी तिला ल्युपस असल्याचे सांगितले आहे. ‘हृदयाकडे लक्ष ठेवा,’ असेही ते म्हणाले आहेत. हृदयविकार हा उतारवयाचा आजार, ही आपली समजूत. एवढ्याशा मुलीच्या हृदयाकडे काय लक्ष ठेवायचे, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. ते उत्तर आपल्या हाताबाहेरचे नाही; त्यातील बराचसा भाग आपल्याला स्वतःच्या आजारांमुळे आधीच ठाऊक आहे.

आजाराची ओळख

आपल्या शरीराचे रक्षण करणारी एक प्रतिकारयंत्रणा असते. बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखून त्यांच्याविरुद्ध ती प्रतिपिंडे तयार करते. ल्युपसमध्ये या यंत्रणेची ओळख चुकते आणि ती स्वतःच्याच शरीरातील पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त, मेंदू, फुप्फुसे आणि हृदय यांपैकी कुठेही दाह होऊ शकतो. ल्युपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावर उमटणाऱ्या व्रणांवरून हे नाव फार पूर्वी पडले. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो कोणालाही होत नाही. तो कुणाच्या नजरेने होत नाही आणि आई-वडिलांच्या चुकीनेही होत नाही.

ल्युपस प्रामुख्याने तरुण स्त्रियांमध्ये दिसत असला, तरी दर दहा रुग्णांपैकी सुमारे एक ते दोघांत त्याची सुरुवात अठराव्या वर्षापूर्वी होते. मुलींमध्ये त्याचे प्रमाण मुलांच्या कितीतरी पट आहे. तथापि मुलगेही त्यातून सुटत नाहीत. लहान वयात सुरू झालेला ल्युपस मोठेपणी सुरू झालेल्या आजारापेक्षा सहसा अधिक तीव्र असतो. मूत्रपिंडाचा सहभाग मुलांमध्ये अधिक आढळतो. शिवाय पुढील सारे आयुष्य त्याच्यासह काढावयाचे असते.

दीर्घकाळ रेंगाळणारा ताप, नाक व गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली, उन्हात गेल्यावर वाढणारे चट्टे, तोंडात वारंवार येणारे व्रण, केस गळणे, सांधे सुजणे, चेहऱ्यावर व पायांवर सूज, फेसाळ लघवी आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची नेहमीची लक्षणे. सर्व लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही.

संधिवाताचा ताप, क्षय आणि ल्युपस

आपल्या भागात या आजाराचे निदान लांबण्यास एक कारण आहे. मुलाचे सांधे दुखतात, ताप येतो आणि हृदयातही दोष सापडतो, असे झाले की भारतातील डॉक्टरांच्या मनात प्रथम संधिवाताचा ताप येतो. कारण घशातील जंतुसंसर्गानंतर होणारा तो आजार आपल्याकडे अजून आढळतो आणि तोही हृदयाच्या झडपांना इजा करतो. तसेच हृदयाभोवती पाणी साचले आणि ताप असला, तर क्षयाची शंका घेतली जाते. दोन्ही शंका रास्त आहेत. परंतु उपचार सुरू होऊनही मूल सुधारत नसेल, आणि त्याबरोबर चट्टे, तोंडातील व्रण, केसगळती किंवा लघवीत प्रथिने आढळत असतील, तर ‘हा ल्युपस तर नाही ना?’ असे आपण डॉक्टरांना नम्रपणे विचारावे.

थकव्याच्या बाबतीतही अशीच गफलत होते. मुलगी फिकट दिसते, शाळेतून येताच आडवी होते. आपण म्हणतो, रक्त कमी आहे. रक्त कमी असेलही. ल्युपसमध्येही रक्तक्षय होतो, आणि हृदयाचा स्नायू थकला असला तरी मूल असेच निपचित पडून राहते.

निदानासाठी रक्तातील एएनए आणि डीएस-डीएनए ही प्रतिपिंडे, सी-थ्री व सी-फोर या घटकांची पातळी, रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंडाचे कार्य आणि लघवीतील प्रथिने तपासतात. केवळ एएनए ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे ल्युपस झालाच, असे नाही. निरोगी मुलांतही ती तशी येऊ शकते. लक्षणे आणि सर्व तपासण्या यांचा एकत्रित विचार करून तज्ज्ञ निर्णय देतात. हृदयासाठी ईसीजी आणि आपल्याला परिचित असलेली टूडी एको ही तपासणी करतात. एकोमध्ये सुई नाही, वेदना नाही आणि किरणोत्सर्गही नाही.

पहिले संकट : दिवसांत येणारे

ल्युपस हृदयावर दोन वाटांनी येतो. एक वाट जलद आहे, दुसरी संथ. जलद वाटेची ओळख आधी करून घेऊ.

हृदयाभोवती दोन पदरी पातळ आवरण असते. त्या आवरणाचा दाह ही ल्युपसमधील मुलांत सर्वाधिक आढळणारी हृदयाची गुंतागुंत होय. मुलगी छातीच्या मध्यभागी किंवा डावीकडे टोचल्यासारखे दुखते म्हणून सांगते. आडवे झाले की, खोल श्वास घेतला की ते वाढते आणि पुढे वाकून बसले की हलके वाटते. रात्री मूल झोपत नसेल आणि उशी पोटाशी धरून वाकून बसत असेल, तर हा हट्ट नव्हे. ही खूण आहे. आवरणाच्या दोन पदरांमध्ये पाणी साचू लागले आणि ते अधिक झाले, तर हृदयाला प्रसरण पावण्यास जागा उरत नाही. दम लागतो, भोवळ येते, हातपाय गार पडतात. ही तातडीची अवस्था आहे. वेळेवर औषधे मिळाल्यास बहुतेक मुलांत दाह ओसरतो. क्वचित सुईने पाणी काढावे लागते.

हृदयाच्या स्नायूचा दाह त्याहून कमी आढळतो, पण अधिक गंभीर असतो. शांत बसलेली असताना, ताप नसतानाही मुलीची नाडी फार जलद चालते. जिना किंवा चढ सोडाच, अंगणातून घरात येतानाही तिला धाप लागते. उताणे झोपता येत नाही. पायांवर सूज येते.

तिसरा प्रकार झडपांचा. १९२४ साली न्यूयॉर्कमधील इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स या डॉक्टरांनी झडपांवर वाढणाऱ्या, जंतूंविना होणाऱ्या गाठींचे वर्णन केले; आजही त्या विकाराला त्यांचेच नाव आहे. अशा गाठी बहुधा काही त्रास न देता असतात आणि एको केल्यावरच कळतात. ज्या मुलांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी विशिष्ट प्रतिपिंडे असतात, त्यांच्यात या गाठींचा संबंध अधिक दिसतो. गुठळी मेंदूकडे गेली तर लहान वयातही पक्षाघात होऊ शकतो. म्हणून ‘मुलीला काहीच त्रास नाही, मग एको कशाला?’ असे म्हणू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी त्रास नसतानाच करावयाची असते.

दुसरे संकट : वर्षांनी येणारे

संथ वाटेची गोष्ट वैद्यकशास्त्राला बरीच उशिरा कळली. १९५० च्या दशकात ल्युपसचे जवळजवळ निम्मे रुग्ण निदानानंतर पाच वर्षांच्या आत दगावत. स्टेरॉइड व इतर औषधांनी हे चित्र पालटले. प्रगत देशांत आज दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. परंतु रुग्ण जगू लागले तेव्हा दुसरे संकट दृष्टीस पडले. १९७६ साली टोरांटो येथील मरे युरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात झालेल्या ११ मृत्यूंपैकी सहा पहिल्या वर्षातले होते. उरलेले पाच रुग्ण सरासरी सुमारे साडेआठ वर्षांनी गेले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाचाच ल्युपस सक्रिय होता. मात्र त्या पाचही जणांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता.

१९९७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झालेल्या अभ्यासात ३५ ते ४४ वयोगटातील ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक आढळला. या वयात इतर स्त्रियांना झटका फार विरळा येतो, म्हणून हा आकडा एवढा मोठा दिसतो. तरीही त्याचा अर्थ गंभीर आहे. आज तेरा वर्षांची असलेली मुलगी पस्तिशीला पोहोचेल, तेव्हा आजार तिच्या सोबतीला बावीस वर्षे असेल.

असे का होते? आपल्यासारख्यांच्या रक्तवाहिन्यांत वयानुसार चरबीचे थर बसतात. ल्युपसमधील सततचा दाह रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर लहान वयातच खरवडतो आणि थर लवकर बसू लागतात. मूत्रपिंड दुखावले की रक्तदाब वाढतो. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढते. एकावर एक असे हे ओझे पडत जाते.

मग मुलांनाही आजोबांप्रमाणे कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला. उत्तर अमेरिकेतील २१ केंद्रांत १० ते २१ वर्षे वयाच्या २२१ ल्युपसग्रस्त मुला-तरुणांवर तीन वर्षे अभ्यास झाला. काहींना अटोर्वास्टॅटिन, तर काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. २०१२ साली निष्कर्ष आले : मानेतील रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याच्या वेगात दोन्ही गटांत सांख्यिकीदृष्ट्या ठाम फरक दिसला नाही. म्हणून ल्युपसच्या प्रत्येक मुलाला ही गोळी सरसकट दिली जात नाही. आजोबांच्या डब्यातील गोळी नातीला चालेल, असे समजू नये. तिच्या हृदयाचे रक्षण करणारी साधने वेगळी आणि अधिक साधी आहेत : ल्युपस शांत ठेवणे, रक्तदाब काबूत ठेवणे, वजन सांभाळणे आणि तंबाखूचा धूर दूर ठेवणे.

रोजची गोळी

या साऱ्यांत पहिले स्थान रोजच्या गोळीचे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मूळचे हिवतापावरचे औषध ल्युपसच्या उपचाराचा पाया मानले जाते. ते आजाराचा उद्रेक कमी करते आणि रक्तवाहिन्यांनाही त्याचा आधार मिळतो. त्याचा गुण यायला आठवडे, महिने लागतात. म्हणून ‘काही फरक दिसत नाही’ असे म्हणून ते बंद करू नये. दीर्घकाळ घेताना नेत्रपटलाची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी. मात्र हेच औषध लहान भावंडाने खेळता खेळता गिळले तर थोड्या गोळ्यांनीही प्राणावर बेतू शकते. नातीचा डबा वेगळा, झाकण घट्ट आणि उंचावर असावा.

स्टेरॉइडविषयी तर एकच नियम पाठ करावा : मनाने सुरू करू नये, मनाने बंद करू नये. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक तयार करण्याचे मंदावते. गोळी एकाएकी थांबली तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब घसरणे असे प्रकार होतात आणि दबून बसलेला आजारही उसळतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम देऊ नयेत. काय करावे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

स्टेरॉइडने मुलीचा चेहरा गोल होतो. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो!’ मुलीला मात्र ते बोल लागतात. शाळेतल्या मैत्रिणी हसल्या की किशोरवयीन मुली गोळी गुपचूप फेकून देतात. येथे आजीचे काम केवळ गोळी हातावर ठेवण्याचे नाही. ती समोर गिळली जाते का ते पाहण्याचे आणि मात्रा कमी होत जाईल तसा चेहरा पूर्ववत होईल, हे प्रेमाने सांगण्याचे आहे.

सांधे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. त्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तदाब वाढवतात. भूक लागावी म्हणून मुलांना सर्रास दिले जाणारे अल्फाल्फाचे टॉनिकही टाळावे. त्या वनस्पतीतील एक घटक ल्युपस चाळवू शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे डॉक्टरांना दाखविल्याशिवाय देऊ नयेत. या मुलीची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती वाट चुकलेली आहे.

स्वयंपाकघर, ऊन आणि रक्तदाबयंत्र

आपण स्वतःसाठी जे पथ्य पाळता, तेच तिच्याही उपयोगाचे आहे. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी, ताक हा आपला साधा आहार उत्तमच. आवर घालावयाचा तो मिठाला : पापड, कुरडया, लोणचे, खारे दाणे, फरसाण आणि पाकिटातले चटपटीत पदार्थ. येसर आमटी करावी, पण हात राखून मीठ घालावे. बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र विचारल्याविना आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड दुखावलेल्या मुलाला ते घातक ठरू शकते. गोड चहा, बिस्किटे आणि तळण यांनी स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचे वजन झपाट्याने वाढते. घरात कोणी विडी ओढत असेल तर ती अंगणातही मुलीपासून दूर ओढावी. सोडता आली तर दोघांच्याही हृदयाचे भले. मिश्री लावण्याची सवय तिला लागू देऊ नये.

ऊन हा ल्युपसचा जुना वैरी. उन्हातील अतिनील किरणांनी केवळ चट्टेच येतात असे नाही. आतला आजारही जागा होऊ शकतो. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत उघड्यावर राहणे टाळावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, ओढणी, छत्री आणि डॉक्टरांनी सुचविलेला मलम वापरावा. शाळेतील कवायत आणि क्रीडास्पर्धांसाठी डॉक्टरांचे पत्र मुख्याध्यापकांना द्यावे. आजार शांत असताना सावलीतला खेळ व चालणे चांगलेच. हृदयाचा दाह चालू असताना मात्र डॉक्टर सांगतील तेवढी विश्रांती हवी. आई-वडिलांसोबत तिला तोडणीवर पाठविण्याचा विचार असेल, तर उसाच्या फडात दिवसभर ऊन आणि कोपीवर धूर असतो, औषध संपले तर दुकान दूर असते, हे ध्यानात घ्यावे. हंगामी वसतिगृहाची वा आजी-आजोबांच्या घराची सावली तिला अधिक मानवेल.

पुष्कळ घरांत आता रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते. त्याने नातीचाही दाब पाहावा, पण एक काळजी घेऊन : मोठ्यांच्या दंडासाठी असलेला रुंद पट्टा मुलीच्या बारीक दंडावर बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि आपण निर्धास्त राहतो. तिच्या मापाचा पट्टा घ्यावा. मुलांचा योग्य रक्तदाब वय व उंचीनुसार बदलतो. म्हणून ‘या आकड्याच्या वर गेल्यास कळवा’ असे डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्यावे. त्याच वहीत आठवड्यातून एकदा वजन लिहावे. दोन-चार दिवसांत वजन अचानक वाढले तर ते अंगात साचलेले पाणी असू शकते.

ताप हा या मुलांत कधीही साधा समजू नये, कारण औषधांनी संसर्गाशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कोणतीही लस देण्यापूर्वी उपचारांची वही दाखवावी. काही लसी या मुलांना आवश्यक असतात, तर जिवंत जंतूंच्या काही लसी टाळाव्या लागतात.

वाट पाहू नये अशा खुणा

पुढीलपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची, एस.टी.ची किंवा मुलाच्या फोनची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी :

– छातीत दुखणे, विशेषतः आडवे झाल्यावर वाढणारे
– बसल्या जागी धाप लागणे, उताणे झोपता न येणे
– शांत असतानाही नाडी फार जलद किंवा अनियमित चालणे
– भोवळ, शुद्ध हरपणे, हातपाय गार पडणे, ओठ निळसर होणे
– तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, आकडी येणे
– तीव्र डोकेदुखी किंवा अंधूक दिसणे, आणि त्यासोबत वाढलेला रक्तदाब

पायांवर किंवा डोळ्यांभोवती नवी सूज, लघवी कमी वा फेसाळ होणे, नवे चट्टे, पुन्हा सुजलेले सांधे यांसाठी एक-दोन दिवसांत दाखवावे. रुग्णालयात पोहोचताच ‘हिला ल्युपस आहे आणि ती स्टेरॉइड घेते’ हे पहिले वाक्य असू द्यावे. तातडीच्या वेळी या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलते.

दाद कोठे मागावी

बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी सरकारी ठिकाणे. आवश्यकतेनुसार तेथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे किंवा मुंबई-पुण्यातील बालसंधिवाततज्ज्ञांकडे पाठविले जाते. निदान मोठ्या शहरात झाले, तरी महिन्याच्या तपासण्या जवळच्या ठिकाणी करता येतील का, हे तज्ज्ञांना विचारावे. प्रवासाच्या खर्चापायी उपचार सुटण्यापेक्षा ते बरे. रक्त, लघवी व रक्तदाब ठरल्या वेळी पाहिले जाणे महत्त्वाचे आहे.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी नातीची वही तिच्याबरोबर द्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. कोणते उपचार योजनेत बसतात आणि कोणती कागदपत्रे हवीत, हे त्यांना प्रथम विचारावे. गावातील आशाताईंना आजाराचे नाव सांगून ठेवावे.

आजार झाकू नये

एक अवघड गोष्ट वडीलधाऱ्यांशीच बोलली पाहिजे. मुलीची जात, पुढे सोयरीक कशी जमेल, या चिंतेने आजार लपविला जातो. लपवायचा म्हणून गोळ्या बंद होतात. आणि लवकर उजवून टाकू, असेही कुठे कुठे ठरते. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह कायद्याने गुन्हा आहेच. ल्युपसच्या मुलीसाठी तो प्राणसंकटही ठरू शकतो. गर्भारपण नियोजनाने, आजार किमान सहा महिने शांत राहिल्यावर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच यावे. ल्युपसवरील व रक्तदाबावरील काही औषधे गर्भाला अपायकारक असतात आणि ती आधी बदलावी लागतात. आईच्या रक्तात ‘अँटी-रो’ नावाची प्रतिपिंडे असतील, तर ती नाळेतून गर्भात जाऊन शंभरातील एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके कायमचे मंद करू शकतात. हे आधी माहीत असले तर गर्भाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते. योग्य उपचार घेणाऱ्या कितीतरी स्त्रिया शिकतात, नोकरी करतात आणि निरोगी बाळांच्या आया होतात. त्यासाठी आजार माहीत असावा लागतो, झाकलेला नव्हे.

हंगामापूर्वीची तयारी

तेव्हा येत्या दिवाळीत, मुलगा-सून बिऱ्हाड बांधण्याआधी, घरात एक बैठक घ्यावी. एका वहीत आजाराचे नाव, औषधे, मात्रा आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहून घ्यावा. आजी-आजोबांना वाचणे अवघड जात असेल तर नातीकडून किंवा आशाताईंकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. पुढील तपासण्यांच्या तारखा दिनदर्शिकेवर मांडाव्यात आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार ते ठरवावे. औषधे संपण्याच्या आठवडाभर आधी आणावयाची, हा नेम करावा आणि त्यासाठीचे पैसे उचलीतूनच बाजूला काढावेत. आई-वडिलांनी आठवड्यातून एकदा फोन करून मुलीशी बोलताना गोळीबद्दलही विचारावे.

सकाळी न्याहारीनंतर आजोबा आपली गोळी घेतात, तेव्हाच नातीने आपली घ्यावी. दोघांनी एकमेकांना आठवण करून द्यावी आणि घेतल्यावर दिनदर्शिकेवरील त्या दिवसाच्या चौकटीत दोन खुणा कराव्यात : एक आजोबांची, एक नातीची. हंगाम संपवून आई-वडील परत येतील, तेव्हा भिंतीवरच्या त्या चौकटी त्यांना दाखवाव्यात.